गोव्यात एकासनी लाकडी ग्लायडर बांधताना : लाकडाआधी हवेचा विचार

आपल्या फ्लाइंग क्लबातील काही सभासदांनी जुन्या युरोपीय आराखड्यावरून एकासनी लाकडी ग्लायडर, म्हणजे इंजिनाविना उडणारे विमान, बांधायचे ठरवले आहे. आराखड्यात सगळीकडे स्प्रूसचे, म्हणजे थंड प्रदेशातल्या एका सूचिपर्णी झाडाचे, हलके लाकूड सांगितले आहे आणि ते बाहेरून मागवणे परवडत नाही, म्हणून आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत : स्प्रूसच्या जागी सागवान किंवा फणस चालेल का, पंखाच्या पुढच्या भागावर बाजारातला मरीन प्लाय लावता येईल का, आणि असे ग्लायडर गोव्याच्या पावसाळ्यात टिकेल का. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि त्याची कारणे मी पुढे देतो. तिसरा प्रश्न मात्र थोडा मागे नेऊन विचारायला हवा. बांधून झालेले ग्लायडर पावसाळ्यात टिकेल की नाही, हे पुष्कळसे त्याआधीच ठरून गेलेले असते. ज्या दिवशी स्पारच्या, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळईच्या, पट्ट्या एकमेकींना ग्लूने जोडल्या, त्या दिवशी लाकडात पाणी किती होते, खोलीतली हवा किती दमट होती आणि जोड खरोखर धरला हे आपण कशाच्या आधारावर म्हणतो, यावर ते ठरते. लाकडी ग्लायडरांची देखभाल आणि दुरुस्ती हेच माझे आयुष्यभराचे काम होते. उघडून पाहिलेल्या पंखांपैकी ज्यांत बिघाड निघाला, त्यांत लाकूड कमअस्सल असण्यापेक्षा जोड नीट न धरल्याची उदाहरणे कितीतरी अधिक होती.

काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या कळल्याशिवाय पक्के काही सांगता येणार नाही. आराखड्याबरोबर ताकदीची गणिते आहेत की नुसती चित्रे आहेत, कामासाठी बंद करता येईल अशी खोली आहे की उघडी शेड, सभासदांत स्ट्रक्चर समजणारा कोणी अभियंता आहे का, आणि तयार झालेले ग्लायडर वर्षभर कोठे ठेवणार, या चार गोष्टी मला ठाऊक नाहीत. गणिते नसतील तर मी तो आराखडा बाजूला ठेवायला सांगेन, कारण लहानसा बदल करायचा झाला तरी कोणता भाग किती भार उचलतो हे माहीत असावे लागते.

क्लबाने ग्लायडर बांधणे ही कल्पना वेडगळ नाही, हे आधी सांगतो, कारण आपल्याला घरीदारी ते ऐकावे लागत असेल. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीत इंजिनाच्या विमानांवर निर्बंध आले, तेव्हा तेथील तंत्रविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या उड्डाण मंडळांनी इंजिनाविना उडणाऱ्या विमानांकडे मोर्चा वळवला. हॅनोव्हरच्या मंडळाने 1921 मध्ये बांधलेले ‘व्हॅम्पायर’ हे एकासनी लाकडी ग्लायडर पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1922 मध्ये, जर्मनीतल्या वासरकुप्पेच्या डोंगरावर तासाहून अधिक काळ हवेत राहिले. 1931 चे ‘ग्रुनाउ बेबी’ तर आराखडे विकत घेऊन क्लबांनी आपल्या कार्यशाळांत बांधावे अशाच बेताचे होते, आणि ते हजारोंच्या संख्येने बांधले गेले. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्रात एस. रामामृतम यांनी आखलेले ‘कार्तिक’ हे एकासनी लाकडी ग्लायडर 1963 मध्ये उडाले. म्हणजे काम माणसांच्या आवाक्यातले आहे. पण हॅनोव्हरच्या विद्यार्थ्यांच्या पाठीशी प्राध्यापक होते आणि रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कारखान्याचे कारागीर होते, हेही विसरू नये.

व्हॅम्पायरच्या पंखातली रचना आपल्या प्रश्नाशी थेट संबंधित आहे. त्यात पंखाच्या पुढच्या कडेपासून एकाच मुख्य स्पारपर्यंत पातळ प्लायचे बंद कवच होते, आणि पंखाला पडणारा पीळ ते कवच सोसत असे. आपल्या आराखड्यातही बहुधा हीच रचना असेल. स्पारच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्या वाकण्याचा भार घेतात, मधली प्लायची उभी भिंत त्या दोन पट्ट्यांना एकमेकींपासून घसरू देत नाही, आणि पुढचे कवच पीळ घेते. या तिन्हींना एकत्र धरणारी गोष्ट म्हणजे ग्लूचा थर. खिळे फक्त ग्लू वाळेपर्यंत दाब देण्यापुरते असतात. कवच एकदा बंद झाले की त्याच्या आतल्या जोडांकडे पुन्हा पाहता येत नाही.

आता लाकडाकडे येऊ. चांगल्या स्प्रूसचे वजन घनमीटरला साधारण 400 ते 450 किलो असते, सागवानाचे 600 ते 680 च्या आसपास. आराखड्यातील प्रत्येक पट्टीची जाडी स्प्रूस धरून काढलेली आहे. त्याच मापाने सागवान वापरले तर लाकडी सांगाड्याचे वजन दीडपट होते, आणि सागवान अधिक बळकट आहे म्हणून जाडी कमी करायला गेलो तर पातळ पट्टी दाबाखाली बाजूला वाकते, शिवाय ग्लू लावायला मिळणारी रुंदीही कमी होते. सागवानाच्या अंगातल्या तेलामुळे ग्लू धरायला अडचण होते ती वेगळीच. फणसाचे लाकूड आपले सुतार होड्यांपासून देव्हाऱ्यापर्यंत सगळीकडे वापरतात आणि ते गुणी आहे, पण त्याची रेषा बहुधा गुंतलेली असते आणि दोन झाडांच्या लाकडांत एवढा फरक पडतो की स्पारसाठी भरवशाचा एक आकडा धरता येत नाही. गोव्याचा राज्यवृक्ष असलेली मत्ती तर सागवानापेक्षाही जड, त्यामुळे तिचा विचार नको.

खर्च वाचवायचा असेल तर हिमालयातील स्प्रूस किंवा फरचा विचार करता येईल, पण विमानासाठी फळी निवडायची कसोटी पॅकिंगच्या खोक्यांचे ‘पाइन’ विकणाऱ्या वखारीत लावता येत नाही. ती कसोटी अशी : तंतूंचा तिरकेपणा 15 ला 1 पेक्षा जास्त नको, म्हणजे 15 सेंटिमीटर लांबीत रेषा एका सेंटिमीटरहून अधिक सरकता कामा नये. वार्षिक कडी, म्हणजे झाडाच्या वाढीची वलये, इंचाला किमान सहा असावीत. गाठ, राळेची पोकळी किंवा कीड स्पारच्या पट्टीत अजिबात नको. याशिवाय एक दोष असा असतो की तो सरळ पाहिल्यास दिसत नाही. झाड पडताना किंवा ओंडका आदळताना तंतू चेपले गेले असतील तर रंधलेल्या पृष्ठभागावर रेषेला आडव्या, केसासारख्या बारीक सुरकुत्या असतात. त्या पाहण्यासाठी खोलीत अंधार करावा, फळीच्या टोकाकडून अगदी तिरपा विजेरीचा झोत टाकावा आणि भिंग घेऊन पूर्ण लांबी इंच इंच पाहावी. अशी एक जरी सुरकुती सापडली तरी ती फळी स्पारसाठी बाद समजावी, मग ती कितीही महागाची असो. स्थानिक लाकडाला एक जागा मी आनंदाने देईन, ती म्हणजे पोटाखालची घसरपट्टी, कारण ती झिजण्यासाठीच असते आणि काढून बदलता येते.

मरीन प्लायबद्दल लोकांचा गैरसमज त्याच्या नावामुळे होतो. आयएस 710 या भारतीय मानकाचा प्लाय उकळत्या पाण्यातही सुटत नाही हे खरे आहे, आणि मांडवीवरच्या बोटींसाठी तो योग्यच आहे. परंतु तो बाजारात बहुधा 4 मिलिमीटर किंवा त्याहून जाड मिळतो, जड लाकडाच्या पापुद्र्यांचा असतो आणि आतल्या थरात फटी राहिलेल्या चालतात. पंखाच्या नाकावर एक ते दीड मिलिमीटरचा बर्चचा विमान दर्जाचा प्लाय लागतो, आणि पिळाचा भार नीट जावा म्हणून बऱ्याच आराखड्यांत तो तंतू 45 अंशांत ठेवून लावायला सांगितलेला असतो. मरीन प्लाय जिग, म्हणजे जोडताना भाग जागेवर धरणारा साचा, बांधायला वापरा, त्या कामी तो उत्तम आहे.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे पाणी. लाकूड आजूबाजूच्या हवेशी पाण्याचा व्यवहार सतत करत असते आणि कालांतराने त्या हवेला साजेशा ओलाव्यावर स्थिरावते. हवेची आर्द्रता 65 टक्के असेल तर लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 12 टक्क्यांवर येतो, 85 टक्के असेल तर 17 ते 18 टक्क्यांवर जातो. जुलैत किनारपट्टीची हवा दिवसचे दिवस त्या 85 च्या आसपास किंवा वरच असते. विमानाच्या कामात जोडताना लाकडातला ओलावा 8 ते 12 टक्के असावा असा दंडक आहे. म्हणजे आपल्या उघड्या शेडमध्ये पावसाळ्यात ठेवलेली उत्तमातली उत्तम फळीसुद्धा जोडण्याच्या लायकीची राहत नाही.

यातून दोन प्रकारचे नुकसान होते. ओलावा वाढला की लाकडाची दाब सोसण्याची ताकद कमी होते, ढोबळमानाने दर एक टक्का ओलाव्यामागे चार ते सहा टक्के. हे नुकसान लाकूड वाळले की भरून निघते. दुसरे मात्र भरून निघत नाही. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत फुगते आणि आकसते. स्प्रूसची 100 मिलिमीटर रुंदीची आडव्या कापाची फळी 12 वरून 18 टक्क्यांवर गेली तर सुमारे दीड मिलिमीटर फुगते. प्लायमध्ये थर एकमेकांना काटकोनात असल्यामुळे तो तेवढा हलत नाही. अशा दोन वेगळ्या स्वभावांच्या वस्तू ऑगस्टमध्ये फुगलेल्या अवस्थेत जोडल्या आणि मार्चमध्ये घाटावरच्या कोरड्या हवेत नेल्या, की लाकूड आकसू पाहते, प्लाय त्याला आकसू देत नाही, आणि त्या ओढाताणीचा सगळा ताण मधल्या ग्लूच्या थरावर पडतो, तेही ग्लायडर जमिनीवर नुसते उभे असताना.

म्हणून माझा आग्रह असा की पहिला खर्च लाकडावर न करता खोलीवर करावा. चिऱ्यांची एखादी खोली घ्या, फटी बुजवा, एअर कंडिशनर आणि डीह्युमिडिफायर लावा, आणि आर्द्रता 50 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान रात्रंदिवस राहते हे महिनाभर मोजून पाहा. ‘रात्रंदिवस’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण काम संपल्यावर यंत्र बंद करून घरी जाणारे क्लब मी पाहिले आहेत आणि लाकूड काही आपल्याबरोबर घरी येत नाही. वीज जाते तेव्हा काय करायचे हेही आधी ठरवा. पंखाचा अर्धा भाग सात मीटरच्या आसपास लांब असतो, तेव्हा खोली किमान नऊ मीटर हवी. एवढी खोली मिळत नसेल तर स्पार जोडण्याचे काम चतुर्थीनंतर पाऊस ओसरला की सुरू करून शिगम्याच्या आत संपवावे आणि पावसाळ्यात धातूची कामे, जिग, कागदपत्रे करावीत. हा दुय्यम मार्ग आहे, पण चालण्यासारखा आहे. लाकडातला ओलावा मोजायला काट्यांचे मीटर चालते, मात्र अधूनमधून त्याची परीक्षा घ्यावी : त्याच फळीचा तुकडा तोलून, 103 अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवून पुन्हा तोलावा, आणि घटलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागावे.

ग्लूच्या निवडीत मतभेद आहेत, तेव्हा माझे मत कारणासह देतो. जुन्या आराखड्यांवर केसिन किंवा युरिया-फॉर्मल्डिहाइड ग्लूची नावे असतात. केसिन ओलाव्यात बुरशीला बळी पडते आणि युरियाचा ग्लू उष्ण दमट हवेत वर्षानुवर्षे ठिसूळ होत जातो, त्यामुळे ते दोन्ही आपल्या हवेत नकोत. उरतात रेसॉर्सिनॉल आणि विमानाच्या लाकूडकामासाठीचे इपॉक्सी. रेसॉर्सिनॉल पाण्याला आणि उष्णतेला दाद देत नाही, पण त्याला अचूक बसणारे पृष्ठभाग आणि भरपूर दाब लागतो, मऊ लाकडावर चौरस सेंटिमीटरला साधारण 9 ते 10 किलो. दोन सेंटिमीटर रुंद आणि एक मीटर लांब जोडाला हा हिशेब जवळजवळ दोन टनांवर जातो, म्हणजे तेवढ्या लांबीत डझनभर चांगले क्लॅम्प हवेत. चारपाच क्लॅम्प लावून भागवणाऱ्याने रेसॉर्सिनॉलच्या वाटेला जाऊ नये. गोव्याच्या उष्म्यात त्याची आणखी एक अडचण होते : 30 अंशांवर मिसळलेला ग्लू फार लवकर दाटतो, आणि लांब पट्टीच्या एका टोकाला ग्लू लावून दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिल्या टोकावर साय धरते. साय धरलेल्या ग्लूवर कितीही दाब दिला तरी तो समोरच्या लाकडात शिरत नाही. इपॉक्सी दाबाच्या बाबतीत उदार असते आणि बारीक फटीही भरते, पण साध्या तापमानाला मुरलेले पुष्कळसे इपॉक्सी 50-60 अंशांच्या पुढे मऊ पडू लागते. उन्हात उभ्या असलेल्या बंद ट्रेलरमध्ये किंवा गडद रंगाच्या पंखावर एवढे तापमान सहज गाठले जाते. नवख्या क्लबाला मी इपॉक्सी सुचवीन, उत्पादकाने दिलेला उष्णतेचा आकडा पाहून, आणि ग्लायडर पांढरे रंगवायचे या अटीवर.

दोन्ही ग्लूंना लागू असलेले नियम थोडे आहेत. जोडायचा पृष्ठभाग धारदार रंध्याने रंधलेला असावा, पॉलिशपेपरने घासलेला नको, कारण भुकटी तंतूंच्या तोंडात बसते, आणि रंधल्यापासून आठ तासांच्या आत तो जोडला जावा. फळ्या लांबीत जोडताना तिरका काप 12 ला 1 असावा, म्हणजे 20 मिलिमीटर जाडीला 240 मिलिमीटर लांबीचा. ग्लू वजनाने मोजून मिसळावा, अंदाजाने कधीही नाही.

एवढे करूनही जोड धरला हे कळायचे कसे? या एका प्रश्नावर लाकडी विमानांचा सगळा इतिहास अडलेला आहे. भारतात आलेली ‘मॉस्किटो’ ही ब्रिटिश लाकडी लढाऊ विमाने हवेत मोडल्यामुळे 1944 च्या अखेरीस जमिनीवर बसवली गेली. सुरुवातीच्या अहवालात पावसाळ्यातल्या आकसण्या-फुगण्याकडे बोट दाखवले गेले. पुढच्या तपासात ज्यांनी मान्सून कधी पाहिलाच नव्हता अशा इंग्लंडमधल्या विमानांतही तसेच दोष निघाले, आणि ग्लू लावण्याचे काम मुळातच ढिसाळ होते असा निष्कर्ष निघाला. आपल्या हवेला नावे ठेवणे सोपे असते. हवा चांगल्या जोडाला त्रास देते, पण वाईट जोडाला फक्त उघडे पाडते.

त्यावर उपाय एकच आहे. प्रत्येक वेळी ग्लू कालवला की त्याच लाकडाच्या दोन तुकड्यांचा एक नमुना त्याच ग्लूने, त्याच दाबाने, त्याच खोलीत जोडायचा, आणि पूर्ण मुरल्यावर छिन्नीने फोडायचा. फोडल्यावर दोन्ही तोंडांवर उपटलेले लाकडाचे तंतू दिसले, लाकूडच फाटले आणि ग्लूची रेषा शाबूत राहिली, तर तो जोड चांगला. एका बाजूला काचेसारखा चकाकणारा ग्लूचा थर आणि दुसऱ्या बाजूला स्वच्छ लाकूड दिसले, किंवा थरावर फडक्याच्या विणीसारखी खूण उमटलेली दिसली, तर ग्लू लाकडाला भिडलाच नव्हता. अशा वेळी त्या दिवशीचे सगळे जोड पुन्हा करायचे. याला अपवाद करू नये, आणि अपवाद करण्याचा मोह नेमका तेव्हाच होतो जेव्हा त्या दिवशी सर्वांत मोठा जोड केलेला असतो.

यासाठी वही ठेवावी लागते. तारीख, तापमान, आर्द्रता, लाकडातला ओलावा, ग्लूच्या डब्याचा क्रमांक, मिसळल्याची वेळ, शेवटचा क्लॅम्प आवळल्याची वेळ, नमुन्याचा क्रमांक आणि दोन माणसांच्या सह्या. एक करणाऱ्याची, दुसरी पाहणाऱ्याची, आणि ते दोघे शक्यतो घट्ट मित्र नसावेत. डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, काम सुरू करण्यापूर्वीच लेखी विचारणा करून कोणत्या टप्प्यावर कोणती तपासणी लागेल हे ठरवून घ्यावे. कवच झाकल्यानंतर बोलावलेला तपासनीस बाहेरून रंग पाहण्यापलीकडे काही करू शकत नाही.

इथवरचा सारांश असा, की आराखड्यातले लाकूड बदलू नये, खोली आधी करावी, आणि प्रत्येक जोडाचा पुरावा मागे ठेवावा. पुढच्या गोष्टी थोडक्यात सांगतो.

लाकडाच्या नादात धातूचे तुकडे दुर्लक्षित राहतात. 1 ऑगस्ट 1943 रोजी अमेरिकेतील सेंट लुइस येथे प्रात्यक्षिकाच्या उड्डाणात एका लष्करी ग्लायडरचा पंख निखळला आणि महापौरांसह आतले दहाही जण गेले. कारण निघाले ते पंखाच्या आधारदांडीच्या जोडणीतील एका धातूच्या तुकड्याची जाडी मापापेक्षा कमी असणे. आपल्याकडे त्यात खाऱ्या हवेची भर पडते. अशा धातूच्या तुकड्याच्या, म्हणजे फिटिंगच्या, लाकडाला टेकणाऱ्या बाजूवर गंज धरला तर तो वरून दिसत नाही, आणि तेथे साचलेला ओलावा बोल्टच्या भोकाभोवतीचे लाकूडही कुजवतो. म्हणून फिटिंगला योग्य मुलामा, भोकांच्या आतून वार्निश, आणि पंखाच्या प्रत्येक बंद कप्प्याला खालच्या बाजूने पाणी निथळायचे भोक. ही भोके रंगाने बुजली आहेत का, हे दर पावसाळ्याआधी काडी घालून पाहावे. वाळवीबद्दल गोव्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. ट्रेलर थेट मातीवर उभा करू नका एवढेच.

वजनाची वही पहिल्या रिबपासून, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या पहिल्या आडव्या फासळीपासून, ठेवावी. गुरुत्वमध्यापासून साडेतीन मीटर मागे असलेल्या शेपटीत एक किलो वाढला, तर त्याचा तोल साधायला सव्वा मीटर पुढे असलेल्या नाकात जवळजवळ तीन किलो शिसे घालावे लागते, म्हणजे एका किलोची चूक चार किलोंची होते. शेपटीवरचा रंगाचा जादा हात मी याच कारणाने नाकारतो. एकासनी ग्लायडरात वैमानिकाचे वजन हा तोलाचा सर्वांत मोठा हिस्सा असतो, त्यामुळे सर्वांत हलका आणि सर्वांत जड सभासद दोघांसाठीही हिशेब करून मर्यादा कॉकपिटमध्ये लिहून ठेवावी.

पंख तयार झाल्यावर, कापड चढवण्याआधी, भाराची परीक्षा घ्यावी. पंख उलटे करून मुळाशी पक्के धरायचे आणि वाळूच्या पिशव्या हवेच्या भाराच्या वाटणीप्रमाणे मांडायच्या. समजा, उड्डाणाच्या वेळचे एकूण वजन 250 किलो आहे, त्यात दोन्ही पंख 90 किलोंचे आहेत आणि आराखड्यातली भाराची मर्यादा वजनाच्या चार पट आहे. मग पंखांखेरीजचे 160 किलो चार पट म्हणजे 640 किलो होतात. उलट्या पंखांचे स्वतःचे 90 किलो त्याच दिशेने ओढतात, म्हणून पिशव्या 550 किलोंच्या आसपास लागतील. खरा हिशेब आपल्या अभियंत्याने आराखड्यातील आकड्यांवरून करावा. पिशव्या काढल्यावर पंखाचे टोक मिलिमीटरच्या हिशेबाने मूळ जागी आले पाहिजे. भार चढताना येणारा प्रत्येक आवाज कोणत्या रिबजवळून आला हे लिहून घ्यायला एक माणूस फक्त कान देऊन बसवावा.

उड्डाण कोठे करणार हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो बांधणीशी जोडलेला आहे. 3702 चौरस किलोमीटरच्या या राज्यात दाबोळीला नौदलाचा तळ आणि नागरी विमानतळ आहे, आणि जानेवारी 2023 पासून मोपाही सुरू झाला आहे. त्यात उतरायला मोकळी जागा म्हणाल तर खाली खाजन शेती, वर जांभ्याचे खडबडीत सडे आणि पलीकडे जंगल. नेहमीचे ग्लायडिंग घाटापलीकडेच करावे लागेल असे धरून चाला. म्हणजे अनमोड किंवा चोर्ला घाटाच्या वळणांवर बंद ट्रेलर नेणे आले, पंख वारंवार जोडणे-सोडणे आले, आणि दमट किनाऱ्यावरून कोरड्या पठारावर होणारी तीच ती ये-जा आली. ट्रेलरला वायुवीजन ठेवा, आणि आकडे नोंदवणारा एक स्वस्त हायग्रोमीटर त्यात कायमचा ठेवून द्या.

एकासनी विमानाचे पहिले उड्डाण करणारा माणूस एकटाच असतो आणि त्याला सावरायला मागच्या आसनावर कोणी नसते. बांधणीत सर्वांत जास्त राबलेल्या सभासदाला तो मान द्यावा असे क्लबात सहज वाटते. ते टाळावे. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. अशा ठिकाणी घडलेला, वेगवेगळी हलकी एकासनी ग्लायडरे उडवलेला अनुभवी वैमानिक शोधावा, आधी जमिनीवर घसरत, मग विंचच्या, म्हणजे दोर गुंडाळून ग्लायडर ओढणाऱ्या यंत्राच्या, हलक्या ओढीने दोनतीन मीटर उंचीच्या उड्या, आणि त्या मनासारख्या झाल्या तरच वर. राबलेल्या सभासदांनी दरम्यान दोनआसनी ग्लायडरात आपला सराव पुरा करावा.

आता सुरुवातीबद्दल. पूर्ण लाकडाची ऑर्डर देण्याआधी थोडेसे योग्य दर्जाचे स्प्रूस आणि एक बर्च प्लायचे पान आणून पंखाचा एक मीटर लांबीचा तुकडा बांधा : स्पारचा भाग, तीनचार रिबा, नाकावरचे कवच, निथळायची भोके, सगळे खऱ्यासारखे. खोलीतली हवा ताब्यात असताना तो जोडा, वही लिहा, आणि जूनच्या आरंभी तो घराच्या उघड्या व्हरांड्यात टांगून ठेवा. पावसाळा संपला की तो महिनाभर खोलीत वाळवा आणि मग छिन्नी-हातोडा घेऊन त्याचा एकेक जोड फोडा. फोडलेल्या तोंडांची छायाचित्रे आणि त्या त्या जोडांच्या वहीतल्या नोंदी इथे टाका, त्या पाहून स्पारचे लाकूड मागवायचे की आधी खोली दुरुस्त करायची हे मला सांगता येईल.